जौनसारला निघण्याआधी वाच

प्रिय मुक्ता,

पार्सलात लोकरीचे मोजे, दोन जाड वह्या, सहा पेन्सिली आणि दोन निळे पंप आहेत. पंप बघून परत चिडू नकोस. "मी तिथे पेशंट म्हणून चाललेली नाही, फील्डवर्कला चाललेय," असं फोनवर ठणकावलंस, ते मान्य. म्हणून दम्याबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही असं ठरवून बसलेय. फक्त उत्तराखंडच्या जौनसार डोंगरपट्ट्यातल्या तुमच्या मानवशास्त्राच्या फील्डवर्कबद्दल लिहिते.

गावात पोचल्यावर पहिले दोन-तीन दिवस प्रश्नावली पिशवीतून बाहेर काढूच नका. प्रधान आणि सयाणा, दोघांनाही भेटा. प्रधान निवडून येतो, सयाणा परंपरेने असतो, आणि एकालाच भेटून कामाला लागलात तर दुसऱ्याचा मान राहिला नाही असं होतं. मग पायी फिरून नकाशा काढायचा: पाण्याची जागा, देऊळ, वाटा, घरं. घराला जो क्रमांक द्याल तोच शेड्यूलवर, म्हणजे त्या घराच्या माहितीच्या तक्त्यावर, आणि तोच वंशावळीवर. दिल्लीला परतल्यावर अहवाल लिहिताना तीन याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, त्याचं कारण बहुतेक वेळा इथे असतं.

पहिला वाद 'कुटुंब कुणाला म्हणायचं' यावरून होईल. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब, जनगणनाही हेच धरते. पण तिथे एक भाऊ गुरांबरोबर छानीवर (गावाबाहेरच्या गुरांच्या झोपडीत), एक देहरादूनला नोकरीला आणि म्हातारी दोन्ही घरी थोडी थोडी, असं निघणारच. आधल्या रात्री सगळ्यांनी मिळून एक तारीख आणि एक नियम ठरवा, आणि तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा. अर्ध्या गावात एक नियम आणि अर्ध्या गावात दुसरा असं झालं, की सरासरी कुटुंब किती माणसांचं हा आकडा फेकून द्यावा लागतो.

चूल म्हटली की धूर आला. डिसेंबरात त्या लाकडी घरांत दारं-खिडक्या बंद असतात आणि आत लाकडं जळत असतात. त्या भागातलं चकराता गावच ७,००० फुटांवर आहे. असो. ठरवलंय ना.

वय. कुणालाही विचारलं तरी चाळीस, पन्नास, साठ असंच उत्तर येतं. तक्त्यात शून्य आणि पाचाने संपणाऱ्या वयांवर ढीग साचलेले दिसले की परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतो. घटनांची यादी बरोबर ने: १९६२ची चीनची लढाई, १९६७ला जौनसारी अनुसूचित जमात ठरले ते वर्ष, ऑक्टोबर १९९१चा उत्तरकाशीचा भूकंप, २०००ला झालेलं वेगळं राज्य. "भूकंपाच्या वेळी थोरला चालायला लागला होता का?" असं विचारलं की वय एक-दोन वर्षांच्या आत सापडतं.

आता वंशावळ. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला बरोबरचं चिन्ह, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ, हे तुला पाठ आहे. रिव्हर्स या ब्रिटिश मानवशास्त्रज्ञाने १८९८मध्ये ऑस्ट्रेलियाजवळच्या टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवर ही रीत बसवली, ती अजून चालते, कारण नावं सांगताना माणसं सिद्धांत सांगत बसत नाहीत. मोठा कागद आडवा घे, सुरुवात मध्यावर कर, दोन्ही बाजूंना जागा सोड. आणि एक लक्षात ठेव: सासरी गेलेल्या मुली आणि लहानपणी गेलेली मुलं कुणी आपणहून सांगत नाही. प्रत्येक जोडप्यापाशी थांबून ते वेगळं विचारायचं. आठवीत असताना नानांच्या मागे लागून तू आपली वंशावळ काढली होतीस, आठवतं? दोन तास नाना बोलत होते आणि कागदावर एकही आत्या नव्हती. तू पेन्सिल खाली ठेवून म्हणालीस, "मग सुमाआत्या कुणाची?" नाना उठून देवघरात गेले. त्या दिवशीच बाबा मला म्हणाला होता, ही काही इंजिनियर होत नाही. किती आनंदाने म्हणाला ते तुला कधी कळलं नसेल, कारण तुझ्यासमोर तो फीचे आकडेच बोलतो.

तर काय सांगत होते. जौनसार म्हटलं की बाहेरून आलेला माणूस एकच विचारतो: भावाभावांत एक बायको, ते अजून आहे का? मानवशास्त्रज्ञ डी. एन. मजुमदारांनी यावर तिथे काम केलं, त्यानंतर सगळ्यांना तेवढंच दिसतं. गावकरी या प्रश्नाला विटले असले तर नवल नाही. तुम्ही तो विचारूच नका. वंशावळ सरळ काढत गेलात तर जुन्या पिढीत असेल तर ते कागदावर आपोआप येईल: एका वर्तुळाला दोन-तीन त्रिकोण, प्रत्येकाशी वेगळं चिन्ह. मुलाचा बाप म्हणून घरचे ज्याचं नाव सांगतील तेच लिहायचं. त्यापलीकडे चौकशी करणं हे तुमचं काम नाही. बाई हे सांगत असताना दोन दीर शेजारी बसलेत की नाहीत, तेही टिपून ठेव, त्याने उत्तर बदलतं.

मोजमापं तुझ्याकडे आहेत म्हणालीस. डोकं फ्रँकफर्ट पातळीत आल्याशिवाय उंची घेऊ नको: कानाच्या छिद्रासमोरच्या उंचवट्यावरची खाच आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत. अंबाडा सोडायला सांगायला लाजू नको. टोपी, जाड मोजे काढायला लाव. सकाळची उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर जास्त भरते, म्हणून वेळ लिही. वजनकाटा त्या फळ्यांच्या जमिनीवर डुगडुगतो, खाली सपाट पाट घाल आणि दर वेळी शून्य बघ. पहिल्या वीस माणसांची मापं तू आणि तुझ्या जोडीदारणीने वेगवेगळी घ्या. फरकांचे वर्ग, त्यांची बेरीज, भागिले चाळीस (वीस माणसांची दुप्पट), मग वर्गमूळ. उंचीत ही चूक अर्ध्या सेंटिमीटरच्या वर गेली तर थांबा आणि कोण काय वेगळं करतंय ते शोधा.

आणि हातात कॅलिपर, म्हणजे डोकं-नाक मोजायचा चिमटा, घेताना तो आधी कुणाच्या हातात होता ते विसरू नको. १९०१च्या जनगणनेचा आयुक्त रिस्ले नाकाच्या रुंदीला उंचीने भागून जातींची उतरंड लावत होता. इरावतीबाई कर्वे बर्लिनला शिकताना कवट्या मोजत होत्या. गोऱ्यांच्या कवटीत काही वेगळं सापडेल अशी गुरूची अपेक्षा होती, बाईंना ते सापडलं नाही आणि त्यांनी तसंच लिहिलं. परवानगीचंही तेच. ज्या कामासाठी विचारलं त्याच कामासाठी. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात हवासुपाई या आदिवासी लोकांनी १९९०पासून मधुमेहासाठी म्हणून रक्त दिलं, विद्यापीठाने ते भलत्याच अभ्यासांना वापरलं. २०१०ला ७ लाख डॉलर देऊन आणि रक्त परत करून प्रकरण मिटवावं लागलं.

झालं माझं लेक्चर. हे सगळं तुला शिकवलेलं आहे, मला माहीत आहे. माफ कर.

पण एक राहिलंच. बायका मोकळेपणाने बोलतात त्या चुलीपाशी. तू तिथे जाऊन बसणार, बसायलाच हवं, आणि नेमकं तेच मला नको आहे. मग निदान दाराजवळ बस, जमिनीला टेकून बस, धूर वर साचतो. उन्हं वर आली की बायका अंगणात धान्य निवडायला येतात, जमेल तेवढं तिथे विचार. निळा पंप सॅकमध्ये नको, जॅकेटच्या आतल्या खिशात. थंडीत डबी गार पडली की फवारा कमी येतो, आधी मुठीत धरून गरम कर. रोजचा पंप सकाळ-रात्र चुकवायचा नाही, नंतर चूळ भर. आणि खोलीतल्या मुलींपैकी एकीला पंप कुठे असतो ते दाखवून ठेव. मला तिचा नंबर नको. एकीलाच दाखव, पण दाखव.

वहीचं सांगून संपवते. दिवसभराचं त्याच रात्री लिहायचं. डाव्या पानावर पाहिलं-ऐकलं ते, उजव्या पानावर तुला काय वाटलं ते. दोन्ही एका परिच्छेदात गेलं की महिन्याभराने वेगळं करता येत नाही. कोण बोललं आणि कोण ऐकत होतं, दोन्ही. पेन्सिलनेच लिही, ओल्या कागदावर शाई फुटते. रोज पानांचे फोटो काढ आणि मेमरी कार्ड दुसरीच्या पिशवीत ठेव. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांच्या, कर्नाटकातल्या रामपुरा गावावरच्या तयार केलेल्या नोंदी १९७०ला स्टॅनफर्डच्या आगीत जळाल्या आणि त्यांना पुस्तक आठवणीतून लिहावं लागलं. त्यांना ते जमलं. तुला गुरुवारी काय जेवलीस ते शुक्रवारी आठवत नाही.

शिरूमामा अजून विचारतो, "मानवशास्त्र करून पुढे काय?" परवा मी त्याला भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण संस्था, पुण्याची आदिवासी संशोधन संस्था, म्युझियम, यूपीएससीचे दोन पेपर असं सगळं म्हणून दाखवलं. तो म्हणाला, "बरं, पण पुढे काय?" तूच आलीस की बघ त्याच्याकडे.

नेटवर्क मिळालं की फक्त 'ठीक' एवढं लिही. वाक्य नको.

तुझी,
आई

ता. क. विकासनगरहून चकराताला जाताना वाटेत कालसी लागतं. गाडी थांबली तर अशोकाच्या शिलालेखाच्या दगडावर हत्ती कोरलाय, त्याचा फोटो नानांना हवाय. लेखाचा नको म्हणाले, हत्तीचाच.