पिंकीची गोष्ट आणि खिडकी

सांगली, रविवार

प्रिय शैले,

किती महिने झाले गं तुला लिहून, फोनवर 'ठेवते, कुकर लागलाय' यापलीकडे आपलं बोलणंच होत नाही. इकडे सगळे बरे, सासूबाईंचे गुडघे तेवढे धरलेत.

लिहितेय ते पिंकीपायी. बारावीच्या मराठीत 'कथा' हा साहित्यप्रकार आहे, त्याचे घटक तिचे तोंडपाठ, कथानक, पात्रं, वातावरण, संघर्ष, संवाद, भाषाशैली, घडाघडा म्हणायची. मी म्हटलं पाठ कशाला करतेस, एक गोष्ट लिहून बघ, आपोआप कळतील. तर बयेनं लिहिली, आणि कशावर, तर २०१९ च्या पुरावर! तू, मी, आजी, सगळे आलेत. तू तर अशी आलीयस की हसून हसून पुरेवाट, एका हातात पिंकी, दुसऱ्या हातात तुझा तो कुकर आणि होडीवाल्याला वल्हं कसं मारायचं ते तूच शिकवतेयस. 'मावशी करारी होती' असं एकदाही लिहिलेलं नाही, तरी वाचणाऱ्याला तू अख्खी दिसतेस. पात्रचित्रण म्हणतात ते हेच की!

पाणी चढलं, होडी आली, आम्ही गेलो, ही नुसती हकिकत झाली, पिंकी म्हणते. आजी हलेना म्हणून आई थांबली, आई थांबली म्हणून मी मावशीबरोबर गेले, हे कथानक. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं ते तिनं एका ओळीत उरकलंय, कारण संघर्ष नदीशी नाहीच, तो जिन्यात आपल्या दोघींत झाला. 'म्हातारीपायी पोरीला बुडवशील' हे तुझं वाक्य जसंच्या तसं आहे. आपल्याला वाटलं ती वर दप्तर भरतेय.

आता जे खातंय ते सांगते. शेवटी तिनं लिहिलंय, होडी निघाली तेव्हा आई खिडकीत नव्हती. शैले, मी होते गं. गजांच्या बाजूला, भिंतीला टेकून, तोंड दाखवलं असतं तर तिनं उडीच मारली असती. पण ते वाक्य खोड म्हणून कसं सांगू? निवेदक ती आहे, प्रथमपुरुषी, होडीतनं दिसलं तेवढंच ती लिहिणार, आणि ते खोडलं तर गोष्टीतला जीवच जाईल. मग तिला सांगितलं, आपल्या सांगलीच्याच खांडेकरांनी 'ययाती'त ययाती, देवयानी, शर्मिष्ठा तिघांना आपापल्या तोंडानं बोलायला लावलंय. तर लगेच म्हणते, मग तुम्ही दोघी तुमचं तुमचं लिहून द्या, मी तीन निवेदक करते!

माझं घेतलंय लिहायला, खिडकीपर्यंत येऊन अडतंय. तू तुझं लिही ना. होडीत ती रडली का, तू काय सांगितलंस तिला, आपण तेव्हा बोलत नव्हतो त्यात विचारायचं राहूनच गेलं. माझ्यावर चिडली होतीस तेही लिही, गाळू नकोस काही.

भावजींच्या बदलीचं काय झालं? सोनूला दहावीचं फार धारेवर धरू नकोस. भडंग पाठवते.

आणि हो, व्हॉट्सॲपवर टाकू नकोस, माझा फोन दिवसभर पिंकीच्याच हातात असतो आणि मला ते तिच्याआधी वाचायचंय.

तुझी,
मंदी