डावा पंख अजून माझ्याकडेच आहे

प्रिय निमे,

पाकीट फोडल्यावर तू आधी पानं मोजशील, मला माहितीये. मोज. पुष्कळ आहेत. फोन करणार होते, पण फोनवर तू मला मध्येच तोडतेस, मग मी मुद्दा सोडून भांडत बसते आणि मूळ गोष्ट राहूनच जाते. म्हणून लिहितेय. दोन वर्षं मी एक ओळही लिहिली नाही, याबद्दल पुढे येतेच.

तब्येती ठीक. आईचा गुडघा आता बरा आहे, माझी मान अधूनमधून धरते. झालं.

परवा रात्री एक गोष्ट दिसली आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. दिगूला सांगून बघितली, त्याला अर्धीच कळली. ती पूर्ण कळेल अशी तू एकटीच आहेस.

आम्ही दोघं कॉस्प्लेवाल्यांसाठी, म्हणजे गोष्टींतल्या पात्रांचे पोशाख बनवून घालणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी, ॲप बनवतोय, हे ताईनं तुला सांगितलं असणारच, तिच्या पोटात काही राहत नाही. एका बाजूला नियोजन: कुठला पोशाख, त्याचे भाग किती, काय आणायचं, कॉनला, म्हणजे मेळाव्याला, दिवस किती उरले. दुसऱ्या बाजूला माणसं: कोण कुठल्या कॉनला येतंय, कुठल्या गटात एक पात्र रिकामं आहे, फोटो कुणी काढला. नियोजनाची बाजू मी तुझ्या निळ्या वहीवरून उचलली आहे. पानाच्या उजवीकडे तू दोन रकाने आखायचीस, 'हात' आणि 'वाळण'. तेव्हा मी हसले होते. आज अख्खं ॲप त्या दोन रकान्यांवर उभं आहे.

खरंच सांगते, कामांच्या याद्या करणारी जेवढी ॲप्स मी चाळली, त्यांतल्या एकालाही हे ठाऊक नाही की आपल्या कामात वेळ दोन जातींचा असतो. फोमच्या एका सांध्याचंच घे. गोंद दोन्ही कडांना लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं आणि मगच कडा एकमेकींना भेटवायच्या. घाई केली की सांधा उघडतो, आणि एकदा नीट धरला की केसभरही सरकत नाही. पुढे प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर, मग घासणं, परत प्रायमर. हाताचं काम २० मिनिटांचं आणि वाळण अख्ख्या रात्रीची. दहा जण मदतीला आले तरी रंग काही लवकर वाळत नाही. म्हणून आम्ही कॉनच्या तारखेपासून उलटं मोजत येतो आणि वाळणीचे तास वेगळ्या रंगात दाखवतो. अंगाला प्लास्टिक गुंडाळून वर टेप लावून साचा काढायचा, मग कापायचं, मग हीट गननं फोम तापवायचा, मग जोडकाम, मग अंगावर घालून बघायचं आणि शेवटी रंग. मधली पायरी वगळून कुणी रंगाच्या कामाला हात घातला की ॲप विचारतं, "घालून बघितलंस का?" वाक्य तुझंच आहे. दिगूनं खांदपट्टी आधी रंगवली आणि मग दिवसभर त्याचा हात खांद्याच्या वर जाईना, त्या दिवशी तू ज्या आवाजात हे विचारलं होतंस तो आवाज तेवढा ॲपमध्ये घालता आला नाही.

आणि मोरोजोचं तुझं भांडणही मी विसरलेले नाही. १९३९ च्या न्यूयॉर्कच्या पहिल्या वर्ल्डकॉनची, विज्ञानकथावाल्यांच्या मेळाव्याची, गोष्ट कुणी काढली की सगळे तिथे पोशाख घालून आलेल्या फॉरेस्ट ॲकरमनचं नाव घ्यायचे, आणि तू हातातलं काम टाकून उठायचीस: "त्याचा आणि स्वतःचा, दोन्ही पोशाख मोरोजोनं, मर्टल डग्लसनं, शिवले होते, तिचं नाव घ्या!" आमच्याकडे प्रत्येक फोटोखाली आता तीन वेगळ्या जागा आहेत. कुणी घातलं, कुणी बनवलं, कुणी टिपलं. तिन्ही भरल्याशिवाय फोटो वर चढत नाही. हे मी तुझ्यासाठी केलंय. पैज मात्र तू हरलीस, तेही लिहून ठेवते. 'कॉस्प्ले' हा शब्द जपानच्या नोबुयुकी ताकाहाशी यांनी १९८३ सालीच 'माय ॲनिमे' मासिकात छापला होता. तू १९८४ वर अडून बसली होतीस.

आता परवाची गोष्ट.

चाचणीला आम्ही १४ जण घेतले होते. त्यांत एक १९ वर्षांची मुलगी. नाव नको. तिचं पहिलंच मोठं काम, ड्रॅगनचं चिलखत आणि त्याला १७ कड्यांची हलणारी शेपूट. शेपटीच्या पहिल्या तीन कड्यांचा फोटो तिनं टाकला होता. हीट गन नेमकी कुठे थांबवायची हे त्या पोरीला कुणी न सांगता कळलं होतं. फोमची छिद्रं मिटून वर किंचित तकाकी आलेली, आणि कुठेही भाजल्याचा डाग नाही. मी तो फोटो मोठा करकरून बघितला होता.

आमच्या ॲपमध्ये प्रत्येकाच्या नावाखाली एक पट्टी होती. काम किती टक्के झालं ते सगळ्या मित्रांना दिसायचं. तिची पट्टी ४१ वर येऊन थांबली. खाली सगळ्यांचे निरोप: "वाट बघतेय!" "शेपूट कुठवर आली?" "तुझ्याशिवाय गटाचा फोटो नाही काढायचा." एकही शब्द वाईट नाही, निमे, सगळं प्रेमानं लिहिलेलं. त्यांतले तीन निरोप माझे आहेत.

परवा रात्री मी नोंदी चाळत होते. कॉनच्या चार दिवस आधी, रात्री २ वाजून ४० मिनिटांनी तिनं ॲप उघडलं आणि उरलेल्या ११ कामांपुढे 'झालं' अशी खूण केली. चार मिनिटांत. रात्रभर वाळणारा प्रायमर, त्यावरचा रंग, रंगावरचा शेवटचा लेप, सगळं त्या चार मिनिटांत झालं. पट्टी १०० वर गेली. आम्हीच बसवलेली रंगीत कागदांची उधळण तिच्या पडद्यावर झाली. नऊ जणांनी बदाम पाठवले. सकाळी खातं बंद. कॉनला ती आली नाही.

दिगू म्हणाला, ही आपली चूक आहे, वाळण संपल्याशिवाय खूण करूच द्यायला नको होती. चार ओळींचं काम आहे, आत्ता करतो. मी त्याला थांबवलं आणि मला रडू आलं. तो घाबरला बिचारा.

मला तुझा आवाज ऐकू येत होता. "सगळं झालंय गं. डाव्या पंखाला शेवटचा हात मारायचाय फक्त."

दोन दिवसांनी तू आली नाहीस. आम्ही चौघं मधली जागा मोकळी सोडून उभे राहिलो, आणि संध्याकाळी मी तुला सगळ्यांच्या देखत खोटारडी म्हणाले. नंतर तुझ्या घरून पंख न्यायला आले तेव्हा डावा पंख नुसता कापलेला होता. त्यावर गोंदाचा एक थेंबही नव्हता. मला वाटलं, पुरावा मिळाला. इतकी वर्षं मी तो तसाच जपून ठेवलाय, पुराव्यासारखा.

काका दवाखान्यात होते तेव्हा. मला ठाऊक होतं. तरी रोज रात्री साडेदहाला माझा फोन यायचा, "किती झालं?" मला वाटायचं मी तुला धीर देतेय. खरं तर ती पट्टी मीच होते. पट्टीला निदान आवाज तरी नसतो. तू 'अजून काहीच झालं नाही' म्हणाली असतीस तर मी काय म्हटलं असतं, हे मी परवापासून आठवून बघतेय. मी म्हटलं असतं, "अगं, होईल, आज रात्री बस." हेच म्हटलं असतं. तुला खोटं बोलण्यावाचून दुसरी वाट मी ठेवलीच नव्हती. माझं चुकलं, निमे. हे दोन वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं, पण तेव्हा मला कळलेलंच नव्हतं.

आता तू म्हणशील, मग काढून टाक ती पट्टी. मीही तेच म्हणाले. पण ते इतकं सोपं नाहीये. चाचणीत विगवाला एक मुलगा आहे. तो म्हणतो, कुणी वाट बघत नसेल तर माझ्या हातून काहीच पुरं होत नाही, कपाटात सहा अर्धे विग पडलेत. त्याला माणसं हवीत. आणि गटाचं काय? पाच जणांनी मिळून एक दृश्य उभं करायचं असेल तर पाचवी येणार की नाही हे बाकीच्या चौघांना कळायला नको का? त्या दिवशी मोकळ्या जागेशेजारी उभं राहून मलाही लागलं होतं. तेही खोटं नव्हतं.

दिगूचं म्हणणं, अर्धवट कामांचे फोटो हाच या सगळ्याचा प्राण आहे, तो झाकला तर ॲप म्हणजे नुसती वाण्याची यादी. यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. वाद घालताना तो पेन दातांत धरतो, तुला माहितीये, मग अर्धं कळतच नाही. पण पहाटेपर्यंत माझं एक पक्कं झालं. फोटो आणि टक्के या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोटो म्हणजे मी माझ्या हातानं केलेलं, मला दाखवावंसं वाटलं तेव्हा दाखवलेलं. टक्का म्हणजे माझ्या नावावरची बाकी, आणि ती चव्हाट्यावर टांगलेली. तेव्हा जे झालंय ते दाखवायचं, जे उरलंय ते फक्त करणाऱ्याला दिसेल. पट्टी राहील, पण ज्याच्या-त्याच्या वहीच्या आत. तुझी निळी वही तू कधी कुणाला उघडू दिली होतीस? सलग किती दिवस ॲप उघडलं ते मोजणारा आकडाही काढला. दिगू दिवसभर बोलला नाही, संध्याकाळी येऊन म्हणाला, बरं केलंस.

गटासाठी तीन बटणं ठेवतेय. 'येतेय', 'ठरलं नाही' आणि 'यावेळी नाही'. ती आपली आपण दाबायची. ॲपनं पट्टी बघून परस्पर ठरवायचं नाही. 'यावेळी नाही' दाबलं की कारणाचा रकाना उघडत नाही, तारीख निघून जाते, आठवण करून देणारे निरोप बंद होतात आणि पोशाख माळ्यावर जातो. त्या जागेचं नावच आम्ही 'माळा' ठेवलंय. तिथे काहीही अपुरं म्हणून लाल दिसत नाही. मापं, साचे, फोटो सगळं जागच्या जागी, पुढे कधी काढावंसं वाटलं तर.

अडलंय ते इथे. एखादीनं 'यावेळी नाही' दाबल्यावर गटाला एक ओळ जाते. त्या ओळीखाली बाकीच्यांना काही लिहू द्यायचं का? दिगू म्हणतो, द्यायला हवं, नाहीतर तिला वाटेल कुणाला फरकच पडला नाही. मला भीती वाटते की "अगं का?", "अजून चार दिवस आहेत!", "आम्ही मदतीला येतो" असं सगळं प्रेम परत तिच्या अंगावर येईल आणि ती रात्री अडीचला पुन्हा खुणा करत बसेल. पण तिथे सगळं गप्प असलं तर ते कसं वाटतं, हे मला ठाऊक नाही. तुला आहे. तू त्या रात्री हे बटण दाबलं असतंस का? आणि दाबलं असतंस, तर माझ्याकडून काय यावंसं वाटलं असतं? की काहीच नको होतं? मला बरं वाटावं म्हणून काहीतरी लिहू नकोस. त्या वेळचं खरं सांग.

त्या मुलीला आम्ही काही लिहिलेलं नाही. खातं बंद केलंय म्हणजे तिला एकटं राहायचंय, मागे लागायचं नाही, एवढं मी ठरवलंय. तिच्या शेपटीचे साचे मात्र अजून आमच्याकडे आहेत. खातं बंद केल्यावर ३० दिवसांनी सगळं पुसलं जातं, तिनं परत मागितलं तर देता यावं म्हणून तेवढी मुदत ठेवली होती. आज आठवा दिवस.

तुझं कसं चाललंय? नवी नोकरी लागली म्हणे, वरिष्ठ बरे आहेत ना? पिल्लू चालायला लागलं असं ताई म्हणाली, आता घरातल्या कात्र्या वर ठेव. नवं घर आवडलं का? खिडकीपाशी टेबल मावलं असेल तर उत्तम, नाहीतर तू पूर्वीसारखी जमिनीवर बसून कापत राहशील आणि पाठ धरेल.

पंख मी काल माळ्यावरून काढले. उजव्याच्या बुडाशी गोंद सुटलाय, बाकी धड आहे. डावा तसाच, कापलेला, तुझ्या पेन्सिलच्या खुणांसकट. एका पिसावर तू बारीक अक्षरात 'हे शेवटी' असं लिहिलंयस. पुसणार नाही आणि पुराही करणार नाही. तुला हवा असेल तर पाठवते, नको असेल तर इथेच राहू दे.

त्या बटणाचं तेवढं लवकर कळव. दिगू पुढचं काम अडवून बसलाय.

तुझी,
मनी