वसतिगृहातली इंटरनेटची जोडणी

महोदय,

माझी मुलगी एका विद्यापीठाच्या वसतिगृहात राहते. जूनमध्ये तिला सोडायला गेलो तेव्हा खोलीतल्या भिंतीवर लॅनचं, म्हणजे इंटरनेटची वायर लावायचं सॉकेट पाहून बरं वाटलं. वायर लावली, पण लॅपटॉपवर दिवाच लागेना. टॉर्च धरून पाहिलं, तर आतल्या आठ पिनांवर रंगाचा थर बसलेला. भिंती रंगवताना कुणी झाकण लावायचीही तसदी घेतली नव्हती.

मग नेटसाठी नोंदणीच्या अर्जाची फेरी. लॅपटॉपचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे बारा अक्षर-अंकांचा नेटवर्क कार्डाचा क्रमांक, कागदावर लिहून रेक्टरांची सही घ्यायची आणि संगणक केंद्रात द्यायचा. तिथे इंग्रजी ‘बी’च्या जागी आठ टाइप झाला. एवढ्या चुकीपायी पोरीचे नऊ दिवस गेले. तोवर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम, तेही दिवसाचा डेटा संपेपर्यंत.

नोंदणी असावी, त्याबद्दल तक्रार नाही. कोणतं यंत्र कुणाचं, हे संस्थेला कळायलाच हवं. पण विद्यार्थ्याला स्वतःच्या लॉगिनने हा क्रमांक भरता आला, तर अशा चुका जागच्या जागी दुरुस्त होतील. ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांतून 40 टक्क्यांपर्यंत श्रेयांक (क्रेडिट) घेण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2021 च्या नियमांनी दिली आहे. मग खोलीतलं नेट ही चैन कशी?

प्रवेशाआधी प्रत्येक खोलीतलं सॉकेट तपासावं आणि संगणक केंद्राचा एक माणूस पहिला आठवडा संध्याकाळी वसतिगृहात बसवावा, ही कळकळीची विनंती.

– एक पालक, सातारा