युक्रेनच्या पाहुण्यांना जामीनदार हवाय : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय गृहनिर्माण व स्थानिक स्वराज्य मंत्री,
ब्रिटन सरकार, लंडन

स.न.वि.वि.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाला टपालाने पाठवली आहे. मराठीत अशासाठी लिहिते आहे, की ब्रिटनभर पसरलेल्या मराठी घरांतही एखादी खोली रिकामी असते आणि त्या घरांनी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

१४ मार्च २०२२ ला युद्धातून निसटलेल्या युक्रेनियनांना ब्रिटनमधल्या घरांत आसरा देणारी ‘होम्स फॉर युक्रेन’ योजना जाहीर झाली. घरातली जागा किमान सहा महिने द्यायची, यजमानाला सरकारकडून महिना ३५० पौंड. आम्ही नाव नोंदवलं. आमची पडताळणी झाली, कौन्सिलच्या (इथल्या नगरपालिकेच्या) बाई येऊन खोल्या बघून गेल्या आणि मे महिन्यात खार्किवहून एक आई, तिचा नऊ वर्षांचा मुलगा आणि त्याची आजी आमच्याकडे आली. तिघांत मिळून दोन बॅगा.

शेजारपाजारचे लोक मदतीला धावले, आणि धावले म्हणजे कपडे घेऊन आले. आठ दिवसांत आमच्या पॅसेजमधून चालायला जागा उरली नाही. त्या माउलीला हवं होतं ते निराळंच. डॉक्टरकडे नाव नोंदवताना, बँकेत, शाळेत कुणीतरी शेजारी बसायला हवं होतं. युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी भत्त्याचे पहिले पैसे पाच आठवड्यांनी येतात, तोवर हाताशी सरकारने दिलेले माणशी २०० पौंड, त्यांचा हिशेब कसा घालायचा हे सांगणारं कुणी हवं होतं. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त बसचालकाने हे न सांगता ओळखलं. मुलाला घेऊन तो सलग चार दिवस शाळेपर्यंत बसने गेला, पाचव्या दिवशी मागच्या सीटवर बसला आणि मुलाला एकट्याने उतरू दिलं. नवख्या माणसाला रहिवासी काय देऊ शकतो, असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगते.

आजींना (त्यांना आम्ही सगळे ‘बाबुस्या’च म्हणतो) इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. पहिले दहा दिवस त्या स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या राहायच्या, आत यायच्या नाहीत. एका शनिवारी मी भारतीय दुकानातून शेपूच्या दोन जुड्या आणल्या. जुडी बघताच बाबुस्या आत आल्या, हातात घेऊन तिचा वास घेत राहिल्या. युक्रेनमध्ये शेपू कशावरही घालतात, आणि इथल्या सुपरमार्केटात मिळतो तो चिमूटभर, प्लास्टिकच्या पाकिटात. त्या दिवशी आमच्याकडे बीटाचं बोर्श झालं, वर मूठभर शेपू. ‘ख्लिब,’ म्हणत त्यांनी पावाकडे बोट दाखवलं, आणि मी चमकले.

मी कोल्हापूरची. माझ्या आजीचे वडील कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या कॅम्पात दूध घालायचे. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका-मुलं. १९४० पासून सोव्हिएत राजवटीने त्यांना पूर्व पोलंडमधून सैबेरियाकडे हाकललं होतं. त्यांच्यातल्या कित्येकांची गावं आज पश्चिम युक्रेनमध्ये आहेत. पोलिश भाषेतला एकच शब्द आजीला म्हातारपणापर्यंत आठवत होता : ‘ख्लेब’. पाव. युद्ध संपलं, पण मधल्या काळात सरहद्द सरकली होती आणि त्या माणसांना परतायला गावच उरलं नव्हतं. १९४७ मध्ये आपल्याच संसदेने पोलिश पुनर्वसन कायदा केला आणि वळिवड्यातली अनेक कुटुंबं पुढे ब्रिटनमध्ये येऊन कायमची राहिली. त्यांनी रिकाम्या केलेल्या कॅम्पात फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले; आज तिथे गांधीनगरची कापडपेठ आहे.

मंत्रिमहोदय, आमच्या पाहुण्यांचं गाडं अडलंय ते भाड्याच्या घरापाशी. खार्किवमध्ये मुलाची आई फार्मासिस्ट होती, इथे वृद्धाश्रमात रात्रपाळी करते. पगार नियमित आहे, भाडं देऊ शकते. तरी मागच्या वर्षभरात अकरा घरांनी नकार दिला. इथली क्रेडिट हिस्टरी (कर्ज-बिलं वेळेवर फेडल्याची नोंद) नाही, म्हणून जामीनदार हवा. आणि एका एजंटाने तर जामीनदाराचं वार्षिक उत्पन्न मासिक भाड्याच्या छत्तीसपट मागितलं. जामीन जुळला की व्हिसाची तारीख आडवी येते. आधी तीन वर्षांचा व्हिसा, मग १८ महिने, आता आणखी २४ महिन्यांची घोषणा. वर्षाचा करार करणारा घरमालक कागदावरची ती तारीख बघतो आणि फोन उचलायचं थांबतो. एवढी वर्षं इथे काढली तरी ती कायमच्या वास्तव्यासाठी धरली जात नाहीत, हेही तिला ठाऊक आहे. व्हिसा गृहखात्याचा विषय आहे हे मी जाणते. पण आपण एकाच मंत्रिमंडळात बसता, तिथे हे बोला.

जामिनाचं मात्र आपल्या हातात आहे. भाड्याची हमी प्रत्येक कौन्सिलने घ्यावी, निदान पहिल्या वर्षापुरती. यजमानांना पाहुणे घरातून गेल्यावरही मदतनीस म्हणून यादीत ठेवा. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने वेगळं घर घेतलं, त्याच दिवशी यजमानाचं नाव कौन्सिलच्या फायलीतून गेलं. पुढे हीटिंगच्या बिलाचा घोळ झाला तेव्हा बोलायला त्यांना कुणी सापडेना. आणि आमच्या मराठी मंडळांना विचारा. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे, गावोगावी छोटी मंडळं आहेत. पगाराच्या स्लिपा घेऊन एजंटांच्या दारात आम्हीही उभे राहिलोय. भाड्याच्या घराचा फॉर्म कसा भरायचा, हे आमच्याइतकं कुणाला माहीत असणार?

एक गोष्ट आणखी, जिला पैसा लागत नाही. पहिल्या दिवाळीत गल्लीत फटाके वाजले आणि मुलगा जिन्याखालच्या कपाटात जाऊन बसला. दोन तास बाहेर येईना. फटाके आणणाऱ्यांत आम्हीही होतो, याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्रत्येक जण फटाक्यांची वेळ आधी कळवतो, गाय फॉक्सच्या रात्रीसुद्धा (५ नोव्हेंबर, इथली फटाक्यांची रात्र). जिथे युक्रेनची मुलं राहतात तिथे दर ऑक्टोबरात कौन्सिलने अशी एक चिठ्ठी घरोघरी टाकावी.

मुलगा आता बाराचा झालाय. येत्या गुरुवारी बारावं घर बघायला जायचंय. जामीनदाराच्या रकान्यात माझ्या नवऱ्याने सही केली आहे. आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
खार्किवच्या एका कुटुंबाची यजमान