रात्रीच्या ट्रेकचा टॉर्च आणि लुमेनचे आकडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळी भटकंतीच्या सामानावर लेख आला होता. बूट, रेनकोट आणि पाठपिशवी यांविषयीचे त्यातले बहुतेक विवेचन मला पटले. टॉर्चच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आले, आणि ते म्हणजे ‘जास्तीत जास्त लुमेनचा घ्यावा’. (लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप.) गेली वीस-बावीस वर्षे मी सह्याद्रीत रात्री-अपरात्री चालतो आहे. या सल्ल्याने वाचकाचे पैसे तर जातीलच, शिवाय एखाद्यावर घसाऱ्याच्या वाटेवर बसून उजाडण्याची वाट पाहण्याची पाळी येईल, असे वाटल्यावरून हे पत्र लिहीत आहे.

ही चूक मी स्वतःही केली आहे. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून, खोक्यावर ‘10,000 लुमेन’ असे ठळक छापलेला हातातला टॉर्च मी हौसेने घेतला आणि पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर रात्री निघालो. पहिली दहा मिनिटे समोरचा कडा उजळत होता आणि बरोबरची मंडळी कौतुक करत होती. अर्ध्या तासात त्याचा उजेड काजळी धरलेल्या कंदिलासारखा झाला, आणि उरलेली वाट मी एका मित्राच्या तीन बारीक सेलवर चालणाऱ्या जुन्या हेडटॉर्चच्या मागे, त्याच्या टाचा पाहत चढलो. घरी आल्यावर कागद-पेन्सिल घेऊन जो हिशेब केला, तो दुकानातच करायला हवा होता.

तो हिशेब अगदी सोपा आहे. हल्लीच्या चांगल्या टॉर्चमध्ये 18650 नावाचा लिथियम-आयन सेल असतो. 18 मिलिमीटर व्यास आणि 65 मिलिमीटर लांबी यांवरून त्याला हे नाव पडले आहे. या आकारात उत्तमातला उत्तम सेल साधारण 3500 मिलिअँपिअर-तासांचा असतो, म्हणजे त्याच्यात सुमारे साडेबारा वॅट-तास ऊर्जा मावते. टॉर्चमधल्या एलईडीपासून दर वॅटला ढोबळमानाने 100 लुमेन प्रकाश मिळतो असे धरले, तर असा एक सेल 100 लुमेन बारा तास देईल किंवा 1000 लुमेन जेमतेम सव्वा तास देईल. याहून जास्त तो कोठून आणणार? 10,000 लुमेनसाठी 100 वॅट लागतील आणि त्यातली निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णता होऊन हातात येईल. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे सोल्डरिंग आयर्न साधारण 25 वॅटचे असते, एवढे ध्यानात घेतले म्हणजे असा टॉर्च मुठीत धरता येईल का, हे कोणालाही कळेल. बाजारात याच आकाराच्या सेलवर 9900 मिलिअँपिअर-तास असेही छापलेले आढळते. तो आकडा शुद्ध थाप आहे आणि असा सेल फुकट मिळाला तरी वापरू नये.

छापलेला आकडा खरा असला तरी तो टिकतो किती, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेत 2009 साली एफएल-1 हे मानक आले आणि नामांकित उत्पादक आज खोक्यावर त्याप्रमाणे आकडे देतात. त्यानुसार प्रकाश मूळच्या दहा टक्क्यांवर उतरेपर्यंतचा काळ ‘रनटाइम’ म्हणून मोजला जातो. त्यामुळे ‘1000 लुमेन, सहा तास’ हे वाचून सहा तास 1000 लुमेन मिळतील असे समजणारा फसतो. तापू नये म्हणून बहुतेक टॉर्च काही मिनिटांतच स्वतःहून खाली येतात आणि उरलेला बराच वेळ कितीतरी कमी उजेडावर काढतात. काही खोक्यांवर तर लुमेन उजेडाच्या सर्वात वरच्या पायरीचे आणि तास सर्वात खालच्या पायरीचे शेजारीशेजारी छापलेले असतात. झोताचे अंतरही याच मानकात व्याख्येने ठरते: जिथे प्रकाश पाव लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, तिथवरचे ते अंतर असते. ‘200 मीटर’ म्हणजे 200 मीटरवरचा दगड ओळखू येईल, असे नव्हे.

चालायला प्रकाश लागतो तरी किती? माझ्या अनुभवाने मळलेल्या वाटेला 50 ते 100 लुमेन पुरतात. वाट चुकल्यावर समोरची धार किंवा खिंड शोधायला 300 हाताशी असावेत, तेही दोन-दोन मिनिटांपुरते. आणि तंबूत, किंवा चुलीवर पिठले ढवळताना, दहा-वीससुद्धा जास्त होतात. म्हणून विकत घेताना सर्वात वरची पायरी पाहण्याऐवजी मधली पायरी किती तास चालते, ते विचारावे. संध्याकाळी सातला अंधार पडला आणि सकाळी सहाला उजाडले, तर मधे अकरा तास जातात, आणि मुक्कामाच्या रात्री त्यातले पाच-सहा तास तरी दिवा लागतोच.

आता हातातला की डोक्यावरचा? कळसूबाईला बारीच्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत. तिथे सूर्योदयासाठी पहाटे तीन-चारला चढणारी मुले मोबाइल दातांत धरून शिडी चढताना मी दर हंगामात पाहतो, आणि तो फोन खाली पडल्यावर त्यांचा दिवा व मदतीसाठी हाक देण्याचे साधन एकदमच जाते. दोन्ही हात मोकळे ठेवणारा हेडटॉर्च त्या जागी अपरिहार्य आहे. (उसाला रात्रीचे पाणी देणाऱ्या आमच्या शेतकऱ्यांना हे कोणी शिकवावे लागले नाही, आठवडी बाजारातली डोक्याला बांधायची ‘बॅटरी’ ट्रेकरांच्या आधी त्यांनी आपलीशी केली.)

तरीही पावसाळ्यात केवळ हेडटॉर्चवर विसंबणे मला मान्य नाही. ढग डोंगरावर उतरला, की कपाळावरचा दिवा धुक्याच्या कणांवर आपटून सरळ डोळ्यांत परततो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. अशा वेळी तो कपाळावरून काढून हातात, कमरेच्याही खाली धरावा. झोत आणि नजर यांच्या रेषा वेगळ्या झाल्या की पायाखालची वाट दिसू लागते. धुके नसतानाही कपाळावरचा दिवा डोळ्यांच्या अगदी जवळून प्रकाश टाकत असल्यामुळे दगडांच्या सावल्या दगडांमागेच दडतात, सगळी वाट सपाट भासते आणि उतरताना पायरीचा अंदाज चुकतो. हातातला टॉर्च खाली, बाजूला धरला की सावल्या उघड्या पडतात आणि खड्डा खड्ड्यासारखा दिसतो. म्हणून डोक्यावर एक आणि खिशात एक, असे दोन दिवे मी कायम बाळगतो आणि दुसऱ्याचे वजन कधी मोजत नाही.

रंगाकडेही खरेदीत फारसे कोणी पाहत नाही. प्रकाशाची रंगछटा केल्विनमध्ये मोजतात. 6500 केल्विनचा निळसर पांढरा प्रकाश डोळ्यांना प्रखर वाटतो, पण धुक्यात त्याचा त्रास होतो आणि त्यात पाचोळा, माती, मुरूम सगळे एकाच राखाडी रंगाचे दिसतात. 4000 केल्विनच्या आसपासचा किंचित पिवळसर प्रकाश, आणि त्यातही रंग किती खरे दिसतात ते सांगणारा सीआरआय हा निर्देशांक 90 च्या वर असेल, तर पाचोळ्यात वेटोळे घालून बसलेले फुरसे वेळेवर दिसण्याची शक्यता नक्कीच वाढते. अशा दिव्याचे लुमेन थोडे कमी भरतात, आणि खोक्यावरचा मोठा आकडा शोधणारा गिऱ्हाईक तो उचलतच नाही.

लाल दिव्याची सोय असलेला हेडटॉर्च घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या प्रकाशाच्या एका झोताने ती मोडते. अंधारात पाहणाऱ्या पेशी मंद लाल प्रकाशाला फारशा दाद देत नसल्यामुळे ती सवय टिकते, आणि शेजारी झोपलेल्याच्या शिव्याही वाचतात. पाऊस लागण्यापूर्वी, मे अखेरीपासून जूनपर्यंत, भंडारदरा, पुरुषवाडी आणि राजमाचीच्या परिसरात काजवे पाहायला जी गर्दी लोटते, तिच्यासाठी तर ही बाब सौजन्याच्याही पलीकडची आहे. काजव्यांची नर-मादी एकमेकांना प्रकाशाच्या खुणांनीच शोधतात. त्या झाडावर हजार लुमेनचा झोत मारणारा माणूस जे पाहायला आला, तेच विझवतो. तिथे लाल दिवासुद्धा फक्त पायांपुरता लावावा, आणि झाडाजवळ तोही बंद करावा.

सेलच्या बाबतीत दुकानदाराचा सल्ला सहसा अपुरा असतो. अधूनमधून बाहेर पडणाऱ्याला तीन ‘ट्रिपल ए’ सेलचा हेडटॉर्च सोयीचा, कारण ते सेल बारीच्या किंवा पाचनईच्या टपरीवरही मिळू शकतात. मात्र साधे अल्कलाइन सेल पहिल्या मिनिटापासून मंद होत जातात आणि टॉर्चमध्येच वर्षभर राहिले तर पाझरून आतले तांबे खातात. वारंवार जाणाऱ्याने 18650 चा, यूएसबीवर चार्ज होणारा आणि सेल बाहेर काढून बदलता येणारा दिवा घ्यावा. सेल आतच कायमचा बसवलेला दिवा स्वस्त पडतो, पण दोन-तीन वर्षांत तो सेल थकला की सगळेच फेकावे लागते. हिमालयात जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी: थंडीत लिथियम-आयन सेलची ताकद तात्पुरती घटते, म्हणून रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये अंगाशी ठेवावा, आणि विमानात सुटे लिथियम सेल हातातल्या सामानातच न्यावे लागतात, तेही प्लास्टिकच्या डबीत, टोके झाकून.

पाण्याबाबत आयपीएक्स-4 म्हणजे केवळ शिंतोडे सोसणारा आणि आयपीएक्स-7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणारा, एवढे ठाऊक असले तरी पुरे. जुलैच्या सह्याद्रीत आयपीएक्स-4 वर मी तरी विसंबणार नाही. पिशवीत दाबून बटण आपोआप चालू होते आणि वर पोहोचेपर्यंत सेल संपतो, हा अनुभव पुष्कळांना असेल. त्यावर उपाय म्हणजे मागचे झाकण पाव फेरा सैल करून ठेवणे किंवा लॉकची सोय असलेला दिवा घेणे. आणि दिवा हातात आहेच, तर संकटाची खूणही माहीत असावी: मिनिटाला सहा झोत, मग एक मिनिट थांबायचे, पुन्हा सहा. उत्तरादाखल मिनिटाला तीन झोत दिसले, तर आपली हाक पोहोचली असे समजावे.

गडांवरच्या स्वच्छता मोहिमांत खोदीव टाक्यांतून मी स्वतः मूठ-मूठ संपलेले सेल बाहेर काढले आहेत, आणि त्याच टाक्यांचे पाणी आपण पितो. भारतात बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियम 2022 मध्ये आले असून वापरलेल्या सेलची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे, परंतु गडावरचा सेल शहरातल्या संकलन केंद्रापर्यंत आणायचा तो आपल्यालाच. पुरवणीतल्या लेखात यावर दोन ओळी असत्या, तर बरे झाले असते.

पुढच्या वेळी अशी यादी छापताना किमतीशेजारी सेल कोणता, मधल्या पायरीवर किती तास आणि वजन किती, असे तीन रकाने द्यावेत, ही विनंती. जागा कमी पडल्यास लुमेनचा रकाना गाळला तरी माझी तक्रार नाही.

आपला नम्र,
एक डोंगरभटका वाचक, नाशिक