छातीतील कळ आणि वाया जाणारे तास

महोदय,

खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबी भागात रात्री छातीत कळ आली, की ‘पित्त झालंय’ म्हणून ओवा चघळायला देतात, सोडा पाजतात आणि उजाडण्याची वाट पाहतात. रुग्ण बेळगावला पोहोचेपर्यंत अनेकदा हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग निकामी झालेला असतो. हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने पूर्ण बंद झाल्यास ती उघडण्यासाठी पहिले दोन-तीन तास सर्वांत मोलाचे असतात. रुग्णालयात पोहोचल्यावर १० मिनिटांत ईसीजी व्हावा, हा वैद्यकीय संकेत आहे. मात्र पहिला ईसीजी निर्दोष आला म्हणून घरी परतणे धोक्याचे आहे, कारण दुखणे चालू असेल तर तो पुन्हा काढावा लागतो आणि रक्तातील ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर वाढणारे प्रथिनही तपासावे लागते. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रियांमध्ये कधी छातीत न दुखता नुसता दम लागतो, दरदरून घाम फुटतो किंवा जबडा दुखतो. त्यातही घरच्या बाईच्या तक्रारीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, याचे मला फार वाईट वाटते.

कर्नाटक सरकारने २०२३ मध्ये सुरू केलेल्या पुनीत राजकुमार हृदय ज्योती योजनेत निवडक तालुका रुग्णालयांत गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेस इंजेक्शन मोफत मिळते. त्यानंतरही अँजिओग्राफीसाठी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या तपासणीसाठी, मोठ्या रुग्णालयात जावेच लागते. आपल्या जवळ ही सोय नेमकी कुठे आहे, ही माहिती आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक सीमाभागातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारावर कन्नडबरोबर मराठीतही ठळकपणे लावावा, अशी आरोग्य खात्याला कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, खानापूर