सुन्या, पोराचे हेडफोन काढून घेऊ नकोस

सुन्या,

तुझा मेसेज वाचला आणि हसूच आवरेना. पोरगं खोली बंद करून हेवी मेटल, म्हणजे ते कर्कश रॉक, ऐकतं आणि तुला त्यात सैतान दिसायला लागला? अरे, तीच गाणी टीडीकेच्या कोऱ्या कॅसेटवर भरून घ्यायला कॉलेजात तूच मला उन्हातान्हात फिरवायचास ना!

असो, तुझ्या आधी हे अमेरिकेत करून झालंय, तेही थेट सिनेटमध्ये. टिपर गोर बाईंनी मुलीसाठी प्रिन्स नावाच्या पॉप गायकाचा अल्बम आणला आणि त्यातलं एक गाणं ऐकून हादरल्या. इथवर मी त्यांना हसणार नाही, लहान पोरीसोबत बसून ऐकायचं ते गाणं नाहीच. पण बाईंचे मिस्टर सिनेटर, मैत्रिणीचे मिस्टर अर्थमंत्री, मग काय, असल्या गाण्यांच्या अल्बमवर पालकांसाठी इशारा छापा या मागणीवरून १९ सप्टेंबर १९८५ ला सिनेटच्या कमिटीपुढे सुनावणी, आणि कमिटीत मिस्टर गोर स्वतः हजर! सगळं घरचंच कार्य.

ट्विस्टेड सिस्टर या मेटल बँडचा गायक डी स्नायडर पिंजारलेल्या केसांनी, बिनबाह्यांचं डेनिम घालून आला, खिशातून घडी घातलेले कागद काढले आणि म्हणाला, माझं लग्न झालंय, तीन वर्षांचा मुलगा आहे, दारू-सिगरेट-ड्रग्ज काही घेत नाही. बाईंना त्याच्या ज्या गाण्यात विकृत चाळे दिसले होते ते निघालं ऑपरेशनच्या भीतीवर. आणि जॉन डेन्व्हर, चष्मा लावून डोंगरांची गाणी म्हणणारा सज्जन माणूस, त्यानेही सांगितलं की माझंच डोंगरावरचं गाणं नशेचं समजून काही रेडिओवाल्यांनी बंद केलं होतं. (२००७ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने तेच आपलं दुसरं राज्यगीत केलं, घ्या!)

पण खरी मेख तिथेच आलेल्या रॉक संगीतकार फ्रँक झॅपाने सांगितली. रेकॉर्ड कंपन्यांना तेव्हा कोऱ्या कॅसेटवर कर हवा होता, म्हणजे आपल्यासारख्या भरून घेणाऱ्यांकडून वसुली, आणि त्यासाठी संसदेची मर्जी राखायची होती. नोव्हेंबरात कंपन्यांनी इशाऱ्याचा शिक्का मान्य केला, १९९० पासून तो काळा-पांढरा ठरलेला शिक्का आला. वॉलमार्टने शिक्का असलेले अल्बम ठेवलेच नाहीत, मग त्यांच्यासाठी शिव्या कापलेल्या आवृत्त्या निघाल्या, आणि पोरं मात्र शिक्का बघून कॅसेट मागायला लागली. सगळ्यांचा धंदा झाला रे. मला राग बाईंचा कमी आणि रॉकवाल्यांचा जास्त येतो, व्यवस्थेला शिव्या घालायच्या आणि व्यवस्थेनेच दिलेला शिक्का टी-शर्टवर छापून मिरवायचा, हे कसलं बंड?

तुझ्या पोराला शब्द कळतायत का ते तरी विचार. मला तर निम्म्या गाण्यांचे शब्द अजून कळत नाहीत, नुसत्या ड्रमवर वर्षं काढली. शनिवारी येतो, त्याची लिस्ट लावून ठेवायला सांग, आणि वहिनींना म्हणावं, आवाज वाढला तर शेजाऱ्यांना मी सांभाळतो.

तुझा,
बाळ्या